जेडाय जन्मावा लागतो की घडतो? – अंतराळपटांतल्या अद्भुत शक्ती आणि धर्मकल्पना

अंबाझरीकर (धागाकर्ता)

'स्टार वॉर्स'चे सगळे भाग परत पाहिले, ज्या वर्षी जे आले त्या क्रमाने. हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला.

१९७७ च्या पहिल्या भागात फोर्सबद्दल, म्हणजे जेडाय नावाचे योद्धे-साधू जी अद्भुत शक्ती वापरतात तिच्याबद्दल, फार थोडं सांगितलंय. म्हातारा जेडाय ओबी-वान नायक ल्यूकला म्हणतो की ही सगळ्या सजीवांतून उपजणारी ऊर्जा आहे, ती आपल्याभोवती आहे, आपल्या आरपार आहे, तिनेच हे सगळं बांधून ठेवलंय. बस्स. ना देव, ना पोथी, ना पुजारी. ल्यूक वाळवंटात काकाच्या शेतावर राबणारा पोरगा. शेवटच्या लढाईत तो नेम धरायचं यंत्र बंद करतो आणि मन शांत करून मारतो. खुर्चीत बसलेल्या कोणालाही वाटावं, हे मलाही जमेल.

१९८३ च्या भागात हाच ल्यूक आपल्या बहिणीला, लेयाला सांगतो की फोर्स आपल्या घराण्यातच आहे. वडिलांकडे आहे, माझ्याकडे आहे, तुझ्याकडेही आहे. आणि १९९९ मध्ये तर लहानग्या अनाकिनचं, म्हणजे पुढे खलनायक डार्थ वेडर होणाऱ्या ल्यूकच्या वडिलांचं, रक्तच तपासलं. पेशींमध्ये मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्म जीव किती, यावर त्याची योग्यता ठरली. वीस हजारांच्या वर आकडा निघाला आणि हाच तो भविष्यवाणीतला, असं मानलं गेलं. त्याला वडील नाहीत, म्हणजे दैवी जन्मही आलाच.

या मालिकेचा कर्ता जॉर्ज लुकास याने त्याच वर्षी 'टाइम'साठी बिल मॉयर्सना दिलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं की तरुण पोरांच्या मनात एक प्रकारची आध्यात्मिक जाग यावी म्हणून फोर्स आणली. कुठल्या एका धर्माचा प्रचार करायचा नव्हता. मग ज्याच्या रक्तात आकडा कमी, त्या पोराने काय करायचं? मला वाटतं, फोर्स या कल्पनेचा जीव तिच्या मोकळेपणात होता आणि रक्ताच्या थेंबात मोजली तेव्हा तो गेला. तुमचं म्हणणं सांगा. सिनेमे न पाहिलेल्यांनीही लिहा, कारण प्रश्न फक्त सिनेमाचा नाही.

पोट्टा_नंदनवन

भाऊ, एकदम बरोबर. मी तं म्हणतो १९८० चा भाग घ्या. ल्यूकचा जेडाय गुरू योडा दलदलीतून अख्खं विमान वर काढते अन् ल्यूक म्हणते, "माझा विश्वासच बसत नाही." योडा म्हणते, म्हणूनच तुले जमत नाही. तिथं रक्ताचं काहीच नाही. सगळा मनाचा खेळ.

त्याच भागात गुहा आहे, ते पाहा. योडा सांगते, शस्त्र नेऊ नको. हा नेतेच. आत वेडरसंग लढते, त्याचं मुंडकं उडवते, अन् टोपाच्या आत स्वतःचाच चेहरा दिसते. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात धार्मिक सीन हाच आहे, असं माझं मत आहे.

तारांगण

मी विज्ञान शिकवतो, म्हणून मिडिक्लोरियनवर मी खूश असेन असं काही जणांना वाटेल. उलट आहे. गूढ गोष्टीला प्रयोगशाळेतला शब्द चिकटवला म्हणून ती विज्ञान होत नाही. 'रुद्राक्षातून कंपनं निघतात' म्हणणारे हेच करतात. श्रद्धा असेल तर श्रद्धा म्हणून समोर ठेवा, मी तिचा मान राखेन. तिला खोटं यंत्र लावलं की माझी हरकत सुरू होते. आपल्या ज्या नागपुरात १९८२ साली श्याम मानवांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, तिथल्या माणसाला हा फरक कळायला हवा.

दुसरं, १९७७ चा भाग इतका निरागस नाही. वेडर आपली ताकद पहिल्यांदा कोणावर वापरतो? भर बैठकीत त्याच्या 'प्राचीन धर्मा'ला हसलेल्या अधिकाऱ्यावर. जागेवरून न हलता त्याचा गळा आवळतो आणि म्हणतो, तुझी अश्रद्धा मला खटकते. प्रश्न विचारणाऱ्याचा गळा. हे दृश्य मला आजही अस्वस्थ करतं, आणि लुकासला ते सुचलं याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

माई_महाल

नातवासोबत यातले चार भाग पाहिले आहेत, म्हणून लिहिते.

या सिनेमांतल्या शक्ती आपल्याला नव्या नाहीत. दुरून वस्तू हलवणं, दुसऱ्याच्या मनात आपला विचार घालणं, पुढचं दिसणं. आपल्याकडे अष्टसिद्धींची यादीच आहे. ओबी-वान शिपायाच्या डोळ्यांपुढे हात फिरवून "तुम्हाला हवे असलेले यंत्रमानव हे नाहीत" असं त्याच्याच तोंडून वदवतो, ते तर सरळ वशित्व. पण आपल्या परंपरेने या सिद्धींना डोक्यावर घेतलं नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धी सविस्तर सांगितल्या आणि तिथेच बजावलं, 'ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः'. बाहेरच्या जगात वावरताना या सिद्धी. समाधीच्या वाटेवर मात्र विघ्न. तुकोबा तर स्पष्ट म्हणतात, 'दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी'. आणि आपल्या विदर्भातल्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत संत-चमत्कारांवर अख्खा अध्याय लिहिला, तो चमत्कारांमागे धावणाऱ्यांना ताळ्यावर आणायलाच.

चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचा योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आला. भिंत चालली, हा भाग आपण मुलांना रंगवून सांगतो. पण चांगदेवांचा अहंकार गेला तो भिंतीमुळे कमी, ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्यांमुळे आणि मुक्ताबाईमुळे जास्त. तिला त्यांनी गुरू केलं. एवढा थोर योगी आणि गुरू एक लहान मुलगी! सिनेमातले जेडाय मात्र नऊ वर्षांच्या अनाकिनला म्हणतात, तुझं वय शिकण्याच्या पुढे गेलं. मला ते फार खटकलं.

अंबाझरीकर

माई, चांगदेवांचा मुद्दा मनात घर करून बसला. १९८३ च्या शेवटाकडे पाहायला त्याने नवी दिशा मिळाली. सम्राटासमोर ल्यूक जिंकलेला असतो, वेडर खाली पडलेला असतो, आणि त्याच क्षणी तो तलवार फेकून देतो. त्याची सगळ्यात मोठी साधना म्हणजे हाती आलेली ताकद न वापरणं. तेवढ्या एका कृतीत मला तो योगी वाटतो.

इंदोरा_चौक

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण तो माझ्या घरातला प्रश्न आहे.

वसल सुत्तात बुद्धांचं वचन आहे: 'न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो'. जन्माने कोणी हीन नाही, जन्माने कोणी श्रेष्ठ नाही, माणूस ठरतो तो कर्माने. ही ओळ ऐकत वाढलेल्या पोराने १९९९ चा भाग पाहिला तर त्याला काय दिसेल? रक्ताची चाचणी करून आत घेणारा संघ दिसेल. आणि त्याहून वाईट एक गोष्ट दिसेल, जिच्यावर फार कोणी बोलत नाही. अनाकिन गुलाम आहे. त्याची आई श्मी गुलाम आहे. अख्खं गाव गुलामांच्या बाजारावर चाललंय. त्याला शोधणारा जेडाय क्वाय-गॉन त्या पोराला सांगतो की मी काही गुलामांना सोडवायला आलेलो नाही. मुलाचा आकडा मोठा निघाला म्हणून मुलाला सोडवून नेतो, आई तिथेच राहते. पुढच्या भागापर्यंत दहा वर्षं जातात, आणि एकही जेडाय तिच्यासाठी परत येत नाही. तिला विकत घेऊन मोकळं कोणी केलं? एका साध्या शेतकऱ्याने, ज्याला फोर्समधलं काही कळत नव्हतं.

विश्वातल्या सगळ्या जीवांशी एकरूप झालेले म्हणवणारे लोक दारातली गुलामी बघून पुढे जातात. मग त्यांच्या ध्यानाचं मी काय करू? दुसरं टोक आपल्या शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः, एका गृहस्थाने, समोरच्या लाखोंना दिली. कोणाचं रक्त पाहिलं नाही. बावीस प्रतिज्ञांत अवतार नाकारला, समता स्वीकारली. 'निवडलेला एक' ही कल्पना त्या मैदानावर टिकत नाही.

तारांगण

+१. श्मीचा मुद्दा मी इतक्या वेळा पाहूनही असा मांडलेला ऐकला नव्हता.

पोट्टा_नंदनवन

इंदोरा भाऊ, एकच जोडतो. २०१६ च्या 'रोग वन'मधला चिरुट पाहा. आंधळा आहे, जेडाय नाही, तलवार नाही, आकडा नाही. फक्त काठी अन् जप, "मी फोर्सशी एकरूप, फोर्स माझ्यासंग". शेवटी गोळ्या सुटून राहिल्या असतात अन् तो तोच जप करत मधातून चालत जाऊन बटन दाबते. नंतर मरते. पण काम करून मरते. मले तर हा एकटा माणूस सगळ्या जेडायांपेक्षा मोठा वाटते.

माई_महाल

हा जप करणारा मलाही आवडला बरं. नाम घेणाऱ्याला दुसऱ्या कशाची गरज लागत नाही, ते त्याच्यात दिसतं.

रामटेकची_लेक

मी रुग्णालयात नर्स आहे, रोज मरण जवळून पाहते. म्हणून मला अनाकिनच्या पतनाबद्दल बोलायचंय. या मालिकेतला सगळ्यात खरा धार्मिक प्रश्न तिथे आहे असं मला वाटतं.

२००५ च्या भागात त्याला स्वप्नं पडतात की बायको बाळंतपणात मरणार. तो योडाकडे जातो. नाव सांगत नाही, पण घाबरलेला आहे हे दिसतंय. योडा सांगतो की मरण हा जगण्याचाच भाग आहे, जे जातात त्यांच्यासाठी आनंद मान, शोक करू नको, त्यांची आठवण काढत झुरू नको, जे गमवायची भीती वाटते ते सोडायला शीक. तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी हेच सांगते: आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि शेवटी नाश. योडाची स्वतःची साखळीही तशीच आहे, भीतीतून राग, रागातून द्वेष, द्वेषातून दुःख. पण भ्यालेल्या माणसापुढे नुसतं तत्त्व ठेवलं तर तो तुमच्यापासून लांब जातो. अनाकिन तसाच लांब गेला, आणि गेला तो पुढे सम्राट होणाऱ्या पाल्पाटीनकडे, ज्याने मरण टाळायची विद्या असल्याची गोष्ट सांगितली. अनाकिनला सत्ता नको होती हो. त्याला बायको जगायला हवी होती.

आता किसा गोतमी आठवा. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी बाई. बुद्ध तिला 'शोक करू नको' म्हणत नाहीत. ते सांगतात, ज्या घरात कोणी मेलेलं नाही तिथून मोहरी आण. ती दारोदार फिरते. प्रत्येक घरात मोहरी मिळते, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेलं असतं. परत येते तेव्हा तिला जे कळायचं ते कळलेलं असतं, आणि ते तिला लोकांच्या दारांनी शिकवलेलं असतं. वॉर्डात नातेवाइकांना सावरताना मला ही कथा उपयोगी पडते. "रडू नका" म्हणून कोणी सावरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घरचे येऊन हात धरतात, तेव्हा सावरतात.

योडाने त्या पोराला आईच्या गावी पाठवायला हवं होतं. जेडाय संघाने मोह सोडायला सांगितलं, पण दुःख एकमेकांत वाटून घ्यायची जागाच ठेवली नाही. अनाकिन तिथे हरला.

अंबाझरीकर

ताई, हे वाचून दोन-तीनदा थांबलो. काही जोडत नाही.

खापरखेडा_रोड

कोणीच 'ड्यून' काढला नाही? निवडलेल्या एकाची गोष्ट तपासायची तर तो घ्यावाच लागेल.

फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची, व्हिलन्यूव्हचे दोन सिनेमे २०२१ आणि २०२४ चे. तिथे बेने जेसेरिट नावाच्या साध्वींचा पंथ आहे. त्यांनी वेगवेगळ्या ग्रहांवरच्या लोकांत भविष्यवाण्या आधीच पेरून ठेवल्यात, पुढे कधी आपलं माणूस अडचणीत सापडलं तर कामी याव्यात म्हणून. आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाचं लग्न कोणाशी लावायचं हे ठरवत त्या एक महापुरुष 'तयार' करतायत. म्हणजे इंदोरा_चौक यांनी ज्यावर बोट ठेवलं, ती रक्तशुद्धीची यंत्रणा इथे उघडउघड दाखवलीय, आणि गैर म्हणून दाखवलीय. नायक पॉलला 'मसाला' नावाच्या द्रव्याच्या अमलाखाली पुढचं दिसतं. आपल्या नावाने धर्मयुद्ध पेटणार हेही दिसतं. तरी तो सिंहासन घेतो. २०२४ च्या शेवटी सगळे गुडघे टेकतात आणि त्याची प्रेयसी चानी टेकत नाही, निघून जाते. कादंबरीत शेवट असा नाही, दिग्दर्शकाने तो मुद्दाम बदललाय, आणि मला तो बदल मनापासून पटला. भक्तांच्या गर्दीत एकीने नाही म्हटलं की बाकीच्यांकडे बघायची नजर बदलते.

तारांगण

यावरून आठवलं. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळजवळ ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी ते ईमेलवर फिरलेल्या आवाहनावरून लिहिलं. पण काहींनी खरंच संघटना काढली, आणि २०१६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने तिला धर्म म्हणून मान्यता नाकारली. माझ्या मते आयोगाच्या निकालापेक्षा मोठी कसोटी रामटेकच्या ताईंनी सांगितली आहे: घरात मरण आलं तर या लोकांकडे कोण जाईल?

पोट्टा_नंदनवन

थोडं संगीतावर. १९९९ च्या भागात डार्थ मॉलसंगच्या लढाईत जो कोरस आहे ना, तो संस्कृतात आहे! मूळ जुनी वेल्श कविता, तिचा रॉबर्ट ग्रेव्ह्जने केलेला इंग्रजी अनुवाद, अन् त्याचं जॉन विल्यम्सने संस्कृत करून घेतलं. अर्थ साधारण असा का जिभेच्या मुळाशी एक भयंकर लढाई अन् डोक्याच्या मागे दुसरी पेटलेली. विल्यम्सले अर्थापेक्षा नाद पाहिजे होता, म्हणून शब्द तोडलेत, कानाले लवकर ओळखू येत नाही. २००३ च्या तिसऱ्या 'मॅट्रिक्स'मध्ये मात्र 'असतो मा सद्गमय' साफ ऐकू येते.

माई_महाल

'असतो मा' सिनेमात वाजतं याचं मला कौतुक आहे. ज्याच्या कानावर पडेल त्याचं भलं होवो. पण अर्थ सोडून नुसत्या नादासाठी मंत्रासारखे शब्द वापरले की मन थोडं खट्टू होतं, हेही लिहून ठेवते.

गोंडवाना_वारा

२००९ चा 'अवतार' राहूनच गेला. त्यातली एयवा, म्हणजे त्या ग्रहावरच्या लोकांची देवता, ही निवडक लोकांची शक्ती नाही. झाडांची मुळं एकमेकांना जोडलेली आहेत, पूर्वज त्या झाडांत आहेत, आणि कोणीही जाऊन ऐकू शकतो. मी मूळचा गडचिरोलीचा, आमचे पेन, म्हणजे गोंडांचे देव, जंगलातच आहेत, देवळात नाहीत, म्हणून मला हे परकं वाटलं नाही. तरी एक गोष्ट सलते. शेवटी त्यांना वाचवायला पृथ्वीवरून गेलेला सैनिकच लागतो, आणि तोच सगळ्यांचा नायक होतो.

खरं उदाहरण ओडिशाचं आहे. नियमगिरीचा डोंगर डोंगरिया कोंधांचा देव. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, देवस्थानाच्या हक्काचा विचार तुम्हीच करा म्हणून. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथे कोणी बाहेरून उडत्या पक्ष्यावर बसून आलं नव्हतं.

इंदोरा_चौक

गोंडवाना भाऊ, जय सेवा. तुम्ही म्हणता तो सैनिक आणि अनाकिन, दोघे एकाच दुखण्यातून आलेत. लोकांनी मिळून केलेलं दाखवायला सिनेमाला धीर होत नाही.

अंबाझरीकर

मग २०१७ च्या भागाबद्दल बोलूया. दिग्दर्शक रायन जॉन्सनने तो धीर केला होता. नायिका रेला सांगितलं जातं की तुझे आईबाप कोणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी तुला विकून गेले. कुठल्याही घराण्याशिवाय तिच्यात फोर्स आहे. आणि शेवटचं दृश्य: श्रीमंतांच्या तबेल्यात राबणारा एक पोरगा हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हाती येतो. मी सुरुवातीला विचारलं होतं त्याचं उत्तर इथे दिलंय. २०१९ च्या भागात दिग्दर्शक अब्राम्सने ते पुसलं. रे निघाली पाल्पाटीनची नात.

रामटेकची_लेक

थोडं थांबा. मला २०१९ चा शेवट इतका वाईट नाही वाटत. ती त्या दुष्ट आजोबाचं रक्त घेऊन जन्मली, पण शेवटी त्याचं नाव टाकते आणि स्कायवॉकर हे नाव स्वतः निवडते. जन्माने मिळालेलं सोडून दुसरं निवडणं, ही गोष्ट आपल्या शहरात कोणाला समजावून सांगावी लागू नये.

इंदोरा_चौक

ताई, निवडण्याचा मुद्दा मान्य, आणि तो मोठा आहे. पण तिने निवडलं ते दुसरं एक थोर घराणंच. १९५६ मध्ये आमच्या आजोबांनी एक गोत्र सोडून दुसरं वरचं गोत्र घेतलं नाही. ते त्या रांगेतूनच बाहेर पडले. रे एकटी वाळवंटात उभी राहून नाव सांगते, ऐकणारी एक वाटसरू म्हातारी. तिच्या मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. तबेल्यातला तो पोरगा तर परत दिसतच नाही. त्याला कोण शिकवणार, कुठे शिकवणार, त्याच्यासोबतच्या बाकी पोरांचं काय, आणि त्या तबेल्याच्या मालकाचं काय करणार, हे मला पाहायचं होतं. तिने नाव पाल्पाटीन ठेवलं असतं आणि त्या पोरांसाठी शाळा काढली असती, तरी मला चाललं असतं.